डाव्या गुडघ्याचा बोनस

अण्णा, तुमच्या बाराव्याला पानं उठल्यावर वर्षा स्वयंपाकघरात माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी पातेली विसळत होते. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. ती म्हणाली, "वहिनी, राग मानू नकोस, पण अख्खा बोनस तू अण्णांच्या गुडघ्यात घातलास आणि वर्षसुद्धा झालं नाही बघ. वाया गेले गं पैसे."

ती वाईट मनाने बोलली नव्हती. तुमचीच लेक ती, मनात आलं की लगेच ओठावर. मुलुंडहून रोज ये-जा करून तीही पार दमली होती. माझ्या तर बोलायला अंगात जोरच नव्हता. बाहेर मंडळी बसली होती, कुणाला चहा हवा होता, कुणाला रिक्षा. मी पातेली विसळत राहिले आणि ते वाक्य तसंच डोक्यात राहिलं. तिला जे सांगायचं होतं ते आता तुम्हालाच सांगते. नाहीतरी या विषयावर या घरात माझ्याशी भांडलं असेल तर ते तुम्हीच.

लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही गोरेगावच्या स्टुडिओत सेटवर सुतारकाम करत होतात. प्लायवूडचे राजवाडे, प्लायवूडची कोर्टं, प्लायवूडची देवळं. दिवसाची हजेरी, दिवसाचे पैसे. सेट उभा राहीपर्यंत काम, नंतर घरी. बोनस हा शब्द तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडूनच ऐकलात. म्हणून मी पहिल्यांदा ऑफिसातून बोनस आणला, पेढ्यांचा पुडा तुमच्या हातात दिला, तेव्हा तुम्ही पेढा बाजूला ठेवून मला विचारलंत, हे कसले पैसे? काम न करता मिळालेले?

मी म्हटलं, "नाही अण्णा, केलेल्याच कामाचे. उशिरा दिलेले."

तुम्ही पेढा तोंडात टाकलात. "मगे त्याका बोनस कित्याक म्हणतत? उधारी म्हणा."

तेव्हापासून दरवर्षी बोनस आला की तुम्ही त्यात लक्ष घालायचात. संदीपला, तुमच्या लेकाला, त्यात रस नसायचा. तुम्हाला मात्र तो पाहुण्यासारखा वाटायचा, आला आहे तर नीट बसवावा असा. तुमचा एक नियम होता: पगार घराचो, बोनस माणसाचो. दूध, गॅस, मेंटेनन्स यांत बोनस गेला तर तो गेला कुठे ते कळत नाही, तो कुणाच्या तरी अंगावर, पायात, डोक्यात जायला हवा. एका वर्षी मी फ्रिज घेतला तेव्हा तुम्ही आठवडाभर त्या फ्रिजकडे न बोलावलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघत होतात. "हो काय माणूस आसा?" असं तुमच्या नातीला, मनूला विचारलंत. मनू तेव्हा लहान होती, तिने फ्रिजला एक नाव दिलं आणि म्हणाली, आता आहे. तुम्ही दोघं हसलात. मी हसले नाही. माझं ऐकून न घेता तुम्ही निकाल लावलात याचा मला राग आला होता.

आपलं असंच असायचं, अण्णा. लोकांना वाटायचं सून-सासऱ्याचं किती छान जमतं. जमायचं, कारण आपण भांडायचो.

गेल्या वर्षीचा बोनस मात्र वेगळा होता. मेडिक्लेमच्या कागदांवर बसून माझी इतकी वर्षं गेली. अंधेरीच्या ऑफिसात दिवसभर लोकांची डिस्चार्ज कार्डं वाचायची, कुणाचं काय कापलं, कुणाला काय बसवलं, कुठला खर्च मान्य, कुठला नाही. त्या वर्षी माझ्या विभागातले दोघं सोडून गेले आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. तिघांचं काम माझ्या टेबलावर आलं. शनिवारही गेले. वर्षअखेरीला साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की तुमचं काम वर कळवलंय, आणि खरोखरच माझ्या तीन पगारांएवढी रक्कम जमा झाली. एवढे पैसे एकदम मी कधी पाहिले नव्हते. मला आनंद झाला असेल, पण आठवत नाही. घरी येऊन मी चपला काढल्या आणि तशीच खुर्चीत बसून राहिले हे आठवतं.

रविवारी सकाळी आपण सगळे टेबलाशी बसलो. संदीपचं म्हणणं स्पष्ट होतं, घराच्या कर्जात भरू, हप्ता हलका होईल. त्याचं चूक नव्हतं. कुरियर कंपनीतल्या त्याच्या नोकरीचा भरवसा तेव्हा कमीच होता. मनू अकरावीला जाणार होती, तिला क्लास हवा होता, पण मागायला लाजत होती, नुसती टेबलावर नखाने रेघा ओढत होती. वर्षा फोनवर होती, ती म्हणाली सोनं घे, सोनं कधी तोंडघशी पाडत नाही. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "अण्णांचा गुडघा करायचा."

तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत. "माका गुडघो नको. तुका झोप व्हयी."

आधी मला कळलंच नाही तुम्ही काय म्हणताय. मग तुम्ही समजावून सांगितलंत. तुमच्या डोक्यात ते बरेच दिवस असणार. या पैशात ही पोर ऑफिसातून तीन महिने बिनपगारी रजा घेऊ शकते, असं तुम्ही म्हणालात. घर चालेल तेवढं. तीन महिने तिने झोपावं, उठावं, वाटलं तर गावी जाऊन यावं. पैसे तिच्या दमण्याचे आहेत, तर तिच्या विश्रांतीलाच जाऊ देत. संदीप हसला आणि म्हणाला, अण्णा, रजेसाठी बोनस कोण घालवतं. मीही हसले. खरं सांगते, मला राग आला होता. इतके पैसे, आणि झोपायला?

त्या रविवारी काहीच ठरलं नाही. पुढचे कित्येक आठवडे नाही.

माझी बाजू सोपी होती. तुमचे दोन्ही गुडघे झिजले होते. जमिनीवर बसून ठोकाठोक, परांच्यांवर चढउतर, सगळं आयुष्य गुडघ्यांवरच काढलेलं. डावा तर पार गेला होता. आपला तिसरा मजला, लिफ्ट नाही. रिडेव्हलपमेंट होणार, होणार, म्हणून सोसायटी दुरुस्तीही करत नव्हती. दोन वर्षं तुम्ही आपल्या पायांनी खाली उतरला नव्हता. डॉक्टरकडे न्यायचं तर संदीप आणि वॉचमन तुम्हाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली न्यायचे. प्रत्येक मजल्यावर दारं उघडायची, लोक विचारायचे, काय अण्णा, बरं आहे ना. तुम्ही मान खाली घालून बसायचात. त्यानंतर दोन दिवस तुम्ही कुणाशी बोलायचा नाहीत. स्टेशनबाहेरच्या मासळीवाल्यांशी हुज्जत घालणारा माणूस घरात बसून माझ्याशी पापलेटाच्या भावावरून भांडायचा, कारण भांडायला दुसरं कुणी नव्हतं. मला ते बघवत नव्हतं. मी दिवसभर लोकांच्या गुडघ्यांचे क्लेम पास करायचे आणि घरी माझ्याच सासऱ्याचा गुडघा, वयामुळे आणि जुन्या दुखण्यामुळे, कुठल्याच पॉलिसीत बसत नव्हता.

तुमची बाजूही सोपी होती. तुम्ही दिवसभर घरात असायचात आणि संध्याकाळी मी कशी येते ते तुम्ही बघायचात. दुसरं कुणी बघत नव्हतं. संदीप माझ्या नंतर यायचा, मनू पुस्तकात असायची. मी भात टोपात टाकायला गेले आणि तांदळाची वाटी हातात धरून ओट्याला टेकून डोळे मिटले, ते तुम्ही पाहिलं होतं. मी बटाटे सोलताना एकदा काहीही कारण नसताना रडले, तेही पाहिलं होतं. मी विचारलं होतं, काय बघताय अण्णा. तुम्ही म्हणाला होतात, काय नाय, तू सोल.

एका रविवारी दुपारी आपण चांगलेच भांडलो. मी म्हटलं, "तुम्ही असे खिडकीत बसून राहणार आणि मी झोपणार? मला झोप लागेल?"

तुम्ही म्हणालात, "आणि तू अशी मरत काम करतलंस, आणि मी नव्या गुडघ्यार नाचतलंय? माका चाल येतली?"

संदीप म्हणाला, तुम्ही दोघं एकमेकांसाठी भांडताय, तर जरा हळू भांडा, खाली ऐकू जातंय.

त्या भांडणाचा निकाल आपल्यापैकी कुणीच लावला नाही. तो परबकाकांनी लावला.

परबकाका तुमचे सेटवरचे जोडीदार. तुम्ही भिंत उभी करायची, त्यांनी ती रंगवायची. तुमचा प्लायवूड त्यांच्या हाताखालून गेला की दगड दिसायचा. गोरेगावात स्टुडिओच्या बाजूला बैठ्या चाळीत राहायचे. तुम्ही घरात अडकल्यावर ते दर महिन्याला यायचे, तीन मजले चढून, धापा टाकत, आणि दोघं मिळून जुन्या दिग्दर्शकांना शिव्या घालत बसायचात. मे महिन्यात एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला की बाबा गेले, दुपारी नेणार.

तुम्ही उठून आंघोळ केलीत. पांढरा शर्ट काढायला सांगितलात. घालून पलंगावर बसलात. मी ऑफिसला कळवून घरीच थांबले. संदीप कामावर निघून गेला होता, फोन लागत नव्हता. वॉचमन रात्रपाळी करून घरी गेला होता. मी शेजारच्या जाधवांच्या मुलाला विचारलं, तो म्हणाला मी एकटा कसा उचलू काकी. तुम्हाला मी म्हटलं, मी आणि तुम्ही, हळूहळू, बसत बसत उतरू. आपण दारापर्यंत गेलो. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तुम्ही पाय ठेवलात आणि तुमच्या तोंडून जो आवाज आला तो मी कधीच विसरणार नाही. आपण परत आलो.

दिवसभर तुम्ही खिडकीशी बसून होतात. पांढरा शर्ट काढला नाहीत. जेवला नाहीत. मी दोनदा चहा ठेवला, दोनदा गार झाला. खिडकीतून गोरेगाव दिसत नाही, समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी दिसते. तुम्ही तिच्याकडे बघत होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. तुम्ही भिंतीला धरत स्वयंपाकघराच्या दारात आलात. "डाक्टराक इचार," तुम्ही म्हणालात. "माका खाली जावचा आसा."

मी हो म्हटलं. जिंकल्याचं काहीच वाटलं नाही.

ट्रस्टच्या हॉस्पिटलात डावा गुडघा केला. दोन्हींचे पैसे नव्हते, आणि डॉक्टर म्हणाले होते एकेक करू. मी आयुष्यभर ज्या शब्दांवर शिक्के मारत आले ते सगळे शब्द आता तुमच्या पायावर होते. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की डिस्चार्ज कार्डावर वेदना कुठेच लिहिलेली नसते. फिजिओथेरपीला येणारी मुलगी नाजूक होती, पण तुमचा पाय वाकवताना अजिबात दया दाखवायची नाही. तुम्ही मालवणीत तिला काय काय म्हणायचात, बरं झालं ती गुजराती होती.

मी साठलेली सगळी रजा काढली. पगारी रजा होती, वर्षानुवर्षं न घेतलेली. सकाळी तुमचं आवरणं, व्यायाम, जेवण. आणि मग दुपार. दुपारी घरात कुणी नसायचं. तुम्ही पलंगावर, मी खाली चटईवर. तुम्हाला पाणी लागलं तर हाक ऐकू यावी म्हणून मी तिथे आडवी व्हायचे, आणि पडल्या पडल्या झोप लागायची. अशी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. जाग यायची तेव्हा उन्हं गॅलरीत आलेली असायची आणि तुम्ही पलंगावरून माझ्याकडे बघत असायचात. तहान लागली असायची, पण हाक मारलेली नसायची. मी रागवायचे, का नाही उठवलंत. एक दिवस तुम्ही म्हणालात, "माझो हट्ट पुरो झालो गो. तुझोय झालो, माझोय झालो."

मी उठून पाणी आणायला गेले. तेव्हा मी काही बोलायला हवं होतं असं आता वाटतं. पण आपल्या घरात असं बोलायची पद्धत कुठे आहे.

गणपतीच्या सुमाराला तुम्ही कुणाचा हात न धरता जिना उतरलात. मी मागे होते, संदीप पुढे. खाली पोचल्यावर तुम्ही गेटबाहेर जाऊन उभे राहिलात आणि रस्त्याकडे बघत राहिलात. दोन वर्षांत समोरचं किराणाचं दुकान जाऊन तिथे मोबाइलचं झालं होतं. तुम्ही त्या पोराला विचारलंत, तो म्हातारो खंय गेलो? त्याला काही कळलं नाही.

मग तुम्ही हातात काठी घेऊन जे सुटलात ते सुटलातच. मी संध्याकाळी घरी यायचे तर दाराला कुलूप. गेल्या दोन वर्षांत मला कधी किल्ली लागली नव्हती. घरात कायम तुम्ही असायचात. पहिल्या दिवशी मी पर्स उलटीपालटी केली, किल्ली नाही, जिन्यात बसून राहिले. तुम्ही अर्ध्या तासाने आलात, हातात बांगड्यांची पिशवी. मासळीतल्या बांगड्यांची, मला तुम्ही दुसऱ्या कधी आणल्या नाहीत. मी चिडले होते. तुम्ही शांतपणे म्हणालात, किल्ली करून घे गो, आता माझो भरवसो नाय. मी दुसऱ्या दिवशी किल्ली करून घेतली. करून देणाऱ्यासमोर उभी राहून मी उगाचच हसत होते, तो मला वेडी समजला असणार.

संदीप कटकट करायचा, अण्णा फोन नेत नाहीत, अण्णा रस्ता ओलांडताना बघत नाहीत. पण त्यालाही बरं वाटत होतं. तुम्ही बसने गोरेगावला जाऊ लागलात. परबकाकूंकडे जाऊन आलो, एवढंच सांगायचात. काय बोललात विचारलं तर म्हणायचात, काय बोलतलं, चाय घेतली.

एक भांडण तेवढं आपलं राहून गेलं. उजव्या गुडघ्याचं. जानेवारीत मी म्हटलं, पुढचा बोनस आला की उजवा. तुम्ही म्हणालात, एक पुरे, दुसऱ्याक काठी आसा. मी म्हटलं, एका पायाने किती दिवस. तुम्ही म्हणालात, किती दिवस व्हये? आणि पुन्हा तुमचं सुरू झालं, की या वेळी तरी तू रजा घे. मी म्हटलं बघू. तुम्हीही म्हणालात बघू. मला वाटलं एप्रिलपर्यंत वेळ आहे, रविवारी बसू टेबलाशी.

मार्चमध्ये एका सकाळी तुम्ही फिरून आलात, खुर्चीत बसलात, चपला काढल्यात. मी ऑफिसला निघायच्या घाईत होते. तुम्ही म्हणालात, छातीत जरा जड वाटता, चाय दी. मी चहा आणला तेव्हा तुमची मान कलली होती. शेजारचे धावत आले, रिक्षा आली, चार जणांनी तुम्हाला उचलून खाली नेलं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. या वेळी कुणी काही विचारलं नाही. हॉस्पिटलात पोचायच्या आधीच संपलं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

आणि मग बाराव्याला वर्षाचं ते वाक्य.

मी त्यावर खूप विचार केला, अण्णा. थकलेल्या माणसाचा विचार फार पुढे जात नाही, तिथल्या तिथे फिरतो. बँकेत टाकले असते तर आज असते. कर्जात भरले असते तर हप्ता कमी झाला असता. मनूचा क्लास मी नंतर हप्त्यांवर केला, ती अजूनही मला म्हणते की आई, मला नको होता. सोनं असतं तर सोनं असतं. हे सगळं खरं आहे. वर्षा म्हणते ते हिशोबाने खरंच आहे.

पण तुमच्या अंत्यदर्शनाला जी माणसं आली ती हिशोबात नाहीत. मासळीवाली आली, टोपली दुसरीकडे ठेवून. म्हणाली, यांच्याइतकं भावावरून भांडणारं कुणी नाही, आणि भांडून झालं की पाणी विचारायचे. बसडेपोजवळच्या बागेतले तीन म्हातारे आले, त्यांना तुमचं आडनाव माहीत नव्हतं, अण्णा म्हणत होते. मोबाइलच्या दुकानातला तो पोरगा आला. आम्हाला यांच्यातलं कुणी ठाऊक नव्हतं. खिडकीत बसलेल्या अण्णांसाठी यांच्यातलं कुणी आलं नसतं. ही सगळी माणसं तुम्ही त्या सहा-सात महिन्यांत जोडलीत, एका गुडघ्यावर आणि एका काठीवर.

हे मी वर्षाला सांगेन कधीतरी. ती ऐकेल. तिलाही तुम्हाला खुर्चीतून खाली नेलेलं आवडायचं नाही, ती तेव्हा मुद्दाम यायची नाही.

जे मी कुणालाच सांगणार नाही ते तुम्हाला सांगते. तुम्ही मला रजा घे म्हणालात तेव्हा मला राग आला होता, आणि तो का आला होता हे मला आता कळतंय. या घरात, ऑफिसात, माहेरी, कुणीही मला कधी विचारलं नव्हतं की तू दमलीस का. साहेबांनी पैसे दिले. संदीपने कर्ज काढलं, त्यात माझा पगार धरला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. तुम्ही एकट्याने माझ्याकडे बघितलंत. आणि एकदा कुणी बघितलं की मग उभं राहणं कठीण होतं. म्हणून मी चिडले. म्हणून मी गुडघा, गुडघा करत राहिले.

यंदाचा बोनस गेल्या आठवड्यात जमा झाला. गेल्या वर्षीच्या निम्माही नाही. विभागात दोन नवीन मुलं आलीत, तेव्हा साहेबांना माझी तितकी गरज नाही. मी घरी येऊन सांगितलं. संदीप म्हणाला, या वेळी तू ठरव, मी काही बोलणार नाही. मनू म्हणाली, मलाही काही नको. रविवारी आम्ही टेबलाशी बसलोसुद्धा नाही. सगळे इतके समजूतदार झालेत की कंटाळा येतो. पैसे खात्यात पडून आहेत. दूध, गॅस, मेंटेनन्स यांत हळूहळू जातील, मला माहीत आहे, आणि मला ते थांबवायची ताकद नाही.

काल शनिवारी मी परबकाकूंकडे गेले. त्या बाराव्याला येऊ शकल्या नव्हत्या, तब्येत बरी नव्हती, म्हणून मीच भेटून यावं असं मनात होतं. गोरेगावला उतरून विचारत विचारत गेले. बैठ्या चाळीतली एकच खोली, पण स्वच्छ, भिंतीला कसला तरी आकाशी रंग, वरच्या कोपऱ्यात पांढरे ढग काढलेले. परबकाकांनी काढले असणार. काकूंना मी ओळख सांगायला तोंड उघडलं तोवर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "अण्णांची सून ना. ये."

त्यांनी मला पाणी दिलं. मग खाटेवरची चादर झटकली आणि उशी सरळ केली.

"पड जरा," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं नको काकू, मी बसायला आलेय. तुमच्याशी बोलायला.

"बोलू मग. अण्णा दर वेळी सांगायचे, कधी माझी सून आली ना, तर तिला काही विचारू नका, आधी झोपू द्या." त्यांनी दार लोटून घेतलं आणि ओट्याकडे वळल्या.

मी खाटेच्या कडेला बसून राहिले. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. मग चपला काढल्या आणि आडवी झाले. काकू हळूच काहीतरी निवडत होत्या, बहुतेक तांदूळ. ताटाचा आवाज येत होता. वर ढग होते.

जाग आली ती फोनने. खोलीत दिवा लागला होता. काकू माझ्या पायांवर पातळ चादर घालून खाली बसल्या होत्या. फोनवर संदीप होता.

"कुठे आहेस?"

"परबकाकूंकडे."

"इतका वेळ? काय करतेस?"

"काही नाही," मी म्हटलं.

"घ्यायला येऊ?"

"नको. येईन मी."

मी फोन उशाशी ठेवला आणि कूस बदलली.